मुंबई–दिल्ली १,१४० किलोमीटर, मग सव्वादोन तास कसे?

प्रश्न असा आला आहे: मुंबई ते दिल्ली हवाई अंतर १,१४० किलोमीटर, जेट विमानाचा वेग ताशी ८३० किलोमीटर. भागाकार केला की एक तास बावीस मिनिटं येतात. तिकिटावर मात्र सव्वादोन तास. परवा विमान पंचवीस मिनिटं उशिरा सुटलं आणि तरीही वेळेवर पोचलं, म्हणजे कंपन्या वेळ फुगवून छापतात का? लंडनला जाताना दहा तास आणि येताना नऊ, हे कशामुळे? आणि जानेवारीत सकाळी दिल्लीला दीड तासाचं कनेक्शन घ्यावं का?

मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं. हा माणूस प्रवाशांना कधी दिसत नाही. विमान सुटायच्या दोन-तीन तास आधी वारे, ढग, बंद असलेले हवाई पट्टे, विमानाचं वजन हे सगळं पाहून कुठल्या वाटेनं, किती उंचीवरून आणि किती इंधन घेऊन जायचं याचा कागद तो तयार करतो. कॅप्टन कागद तपासतो. पटला तर सही करतो, नाही पटला तर आणखी टनभर इंधन मागतो. या कागदावर अंतराचे तीन वेगवेगळे आकडे असतात आणि वेळेचे चार-पाच. तुम्ही त्यातलं एकच अंतर घेतलं आणि एकाच वेगानं भागलं. घोडं तिथे पेंड खातंय.

आधी वेळेचं बघू, कारण तुमचा खरा राग तिथे आहे.

तिकिटावर सुटायची वेळ सात वाजता लिहिलेली असेल, तर सातला विमान हवेत नसतं. सातला ते गेटपासून मागे ढकलायला सुरुवात होते. पोचायची वेळ सव्वानऊ लिहिली असेल, तर ती चाकं धावपट्टीला टेकायची वेळ नसते; दिल्लीच्या गेटला विमान थांबून चाकांखाली ठोकळे लागायची असते. सुटताना ठोकळे काढल्यापासून पोचल्यावर ठोकळे लागेपर्यंतच्या वेळेला आमच्याकडे ब्लॉक टाइम म्हणतात, आणि तिकिटावर छापतात तो हाच. विमान स्वतःच चार वेळा नोंदवून जमिनीवर पाठवतं: आउट, ऑफ, ऑन, इन. गेट सोडलं, जमीन सोडली, जमिनीला टेकलं, गेटला लागलं. नेहमीच्या बऱ्या दिवसाचा नमुना घ्या. आउट ७:०२, ऑफ ७:२४, ऑन ९:०३, इन ९:१३. गेट ते गेट दोन तास अकरा मिनिटं, त्यात हवेतली फक्त नव्व्याण्णव. बत्तीस मिनिटं तुम्ही विमानात बसून जमिनीवर काढलीत.

मुंबईला ही जमिनीवरची मिनिटं का लागतात ते समजून घेण्यासारखं आहे. मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एकीवर तासाला ४६च्या आसपास विमानं चढतात-उतरतात, म्हणजे साधारण दर सव्वा मिनिटाला एक. सकाळी सातला गेट सोडणारी पाच-सहा विमानं असली की रांग लागणारच. विमानतळाच्या चारही बाजूंना वस्ती आहे, त्यामुळे ही रांग कमी व्हायला जागाच नाही. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झालाय, पण म्हणून सांताक्रूझची धावपट्टी रिकामी होईल अशी आशा मी तरी धरून बसलेलो नाही.

दिल्लीचं दुखणं उलटं. तिथे धावपट्ट्या चार, जागा ऐसपैस, आणि म्हणूनच टॅक्सी, म्हणजे धावपट्टी आणि गेट यांच्यामधलं विमानाचं जमिनीवरचं चालणं, लांब. चुकीच्या बाजूच्या धावपट्टीवर उतरलात तर टर्मिनलपर्यंत येईस्तोवर शेजारचा प्रवासी विचारतो, ‘हे आपल्याला रस्त्यानंच नेतायत का?’

आता हवेतली नव्व्याण्णव मिनिटं. तुमच्या हिशोबात ब्याऐंशी होती. वरची सतरा कुठे गेली? ताशी ८३० हा वेग विमान फक्त वर, सपाट उडताना धरतं. दिल्लीकडे जाणारं विमान ३५ किंवा ३७ हजार फुटांवर जातं, येणारं ३६ किंवा ३८ हजारांवर. पूर्वेकडे कललेल्या वाटेला विषम हजार, पश्चिमेकडे कललेल्या वाटेला सम, असा नियम आहे. समोरासमोर येऊ नये म्हणून. त्या उंचीवर चढायला वीसेक मिनिटं आणि दोनशे किलोमीटर लागतात. दहा हजार फुटांखाली वेग २५० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरच्या, आत ठेवावा लागतो. उतरण्याचा आमचा जुना ठोकताळा आहे: उंचीच्या हजारांना तीननं गुणा, दहा मिळवा, तितके नॉटिकल मैल आधी खाली यायला लागा. ३५ हजारांना ११५ नॉटिकल मैल, म्हणजे दोनशे दहा-पंधरा किलोमीटर. एकूण १,१४० मधून चढ आणि उतार वजा केला तर पूर्ण वेगानं धावायला जेमतेम सातशे किलोमीटर उरतात.

मुंबई–पुणे घेतलं तर हे आणखी नीट कळतं. हवाई अंतर सुमारे १२४ किलोमीटर. चढ पूर्ण व्हायच्या आत उतार सुरू करावा लागेल इतकं कमी. त्या मार्गावर जेटचा ताशी ८३० हा आकडा शोभेचाच.

शिवाय वारा कुठून आहे त्यावर धावपट्टीची दिशा ठरते. मुंबईला बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून, समुद्राच्या बाजूला उड्डाण होतं. दिल्ली ईशान्येला थोडी कललेली उत्तर, आणि तुम्ही निघालात अरबी समुद्राकडे. मग उजवीकडे वळायचं. परत येताना आणखी मजा. उत्तरेकडून आलेलं विमान शहराच्या पूर्वेकडून खाली येतं, वळतं आणि घाटकोपरच्या डोक्यावरून पश्चिमेकडे उतरतं. खिडकीतून घर दिसत असतं आणि उतरायला अजून दहा मिनिटं असतात.

आता फुगवण्याचं. हो, फुगवतात. पण शब्द मी वेगळा वापरेन: राखून ठेवतात. मागच्या हंगामात त्याच मार्गावर, त्याच वेळेच्या विमानाला प्रत्यक्षात किती मिनिटं लागली याच्या नोंदी असतात. सकाळी सातच्या विमानाला आणि रात्री साडेअकराच्या विमानाला एकाच मार्गावर वेगळा ब्लॉक टाइम असतो तो यामुळे. तिकिटं शोधताना कधी लक्ष देऊन पाहा, एकाच दिवशी मुंबई–दिल्लीचे २:०५ पासून २:२५ पर्यंत आकडे दिसतील. आपल्या रेल्वेतही हेच चालतं. एक्स्प्रेस गाडीला कल्याणपर्यंत घट्ट वेळापत्रक असतं आणि कल्याण ते शेवटच्या स्टेशनात ऐसपैस वेळ दिलेला असतो. गाडी ‘वेळेवर’ पोचते ती त्या ऐसपैस वेळाच्या जिवावर.

डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी कार्यालय, दर महिन्याला कोणती कंपनी किती वेळेवर उडाली याचे आकडे जाहीर करतं, आणि पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर उशिरात धरत नाहीत. त्यामुळे थोडी मिनिटं राखून ठेवायचा मोह सगळ्यांनाच. तरी मनात येईल तितकं फुगवता येत नाही. वैमानिकांच्या कामाचे तास याच हिशोबानं मोजले जातात आणि एका विमानाला दिवसाला किती फेऱ्या घालता येतील तेही यावरच ठरतं. फेरीमागे दहा मिनिटं जास्त लावली तर सहा फेऱ्यांत एक तास गेला. वेळापत्रक करणारा आणि पैशांचा हिशोब बघणारा यांच्यात या पाच-पाच मिनिटांवरून झालेली भांडणं मी ऐकली आहेत.

तुमचं विमान पंचवीस मिनिटं उशिरा सुटून वेळेवर पोचलं त्यात वैमानिकानं विमान दामटलं असं नसतं. दामटून अशा छोट्या मार्गावर दोन-तीन मिनिटं वाचतात आणि इंधन मात्र भसाभसा जातं. बहुधा मुंबईत रांग ओसरली होती, वाटेत हवाई वाहतूक कंट्रोलनं एखादा कोपरा कापून सरळ जायची मुभा दिली आणि दिल्लीत वाट न पाहता उतरायला मिळालं. राखून ठेवलेली मिनिटं वापरायची वेळच आली नाही.

उलटही होतं. दिल्लीची उतरण्याची क्षमता कमी झाली की तिकडे जाऊन घिरट्या घालण्यापेक्षा मुंबईतच थांबा असा हुकूम येतो. प्रत्येक विमानाला उड्डाणाची ठरवलेली वेळ मिळते. प्रवासी वैतागतात की दारं बंद करून पाऊण तास बसवून ठेवलं. पण आकाशात घिरट्या घालण्यापेक्षा ते शतपटीनं बरं. घिरटीचा एक फेरा चार-पाच मिनिटांचा असतो, आणि प्रत्येक फेऱ्यात जळतं ते राखीव इंधन.

आता अंतराकडे येतो. १,१४० हा आकडा दोन विमानतळांच्या मध्यबिंदूंमधलं, पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर आहे. याला ग्रेट सर्कल म्हणतात. कुठे १,१३६ दिसेल, कुठे १,१४८; कुणी पृथ्वी गोल धरतं, कुणी ध्रुवांशी किंचित चपटी, कुणी विमानतळाऐवजी शहराचा मध्य घेतं. त्यावर वाद घालू नये. आम्ही किलोमीटर वापरतही नाही. १.८५२ किलोमीटरचा एक नॉटिकल मैल, म्हणजे अक्षांशाचं एक मिनिट, एका अंशाचा साठावा भाग. मुंबई–दिल्ली सुमारे ६१५.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी आमच्या सिनियरांना विचारलं होतं की लंडनचं विमान आधी इतकं उत्तरेला का जातं. त्यांनी उत्तर दिलं नाही. टेबलावरचा शाळेतल्यासारखा पृथ्वीगोल पुढे सरकवला आणि खिशातून लोकरीचा दोरा काढला. एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर, ताण. दोरा कच्छवरून बलुचिस्तानात गेला, मग इराण, कॅस्पियन, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हीच वाट उत्तरेकडे फुगलेली कमान दिसते. दोऱ्यावर ती सुतासारखी सरळ असते. लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर.

तोच दोरा आज ताणा आणि खाली काय येतं बघा. पाकिस्ताननं २४ एप्रिल २०२५ला भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. एका दोऱ्यावर दोन गाठी. म्हणून कागदावरचं दुसरं अंतर येतं: प्रत्यक्ष वाटेचं. कुठल्या बिंदूवरून कुठल्या बिंदूवर, कुठल्या देशाच्या परवानगीनं. मुंबईहून निघालेलं भारतीय विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे सरकतं आणि मग उत्तरेकडे वळतं, त्यामुळे मुंबईकराला बसणारा फटका बेताचा आहे. दिल्लीकराला खरा द्राविडी प्राणायाम: लंडन वायव्येला, आणि आधी विमान न्यायचं नैर्ऋत्येला, गुजरातकडे. ज्या परदेशी कंपन्यांना पाकिस्तानात मज्जाव नाही त्यांचं विमान त्याच दोन विमानतळांमध्ये कमी वेळात पोचतं. अंतर शोधणाऱ्या वेबसाइटवर दोघांनाही तोच आकडा.

यातलं सर्वांत बोलकं उदाहरण ताश्कंदचं. दिल्लीहून ताश्कंद सुमारे १,५८० किलोमीटर. मुंबईहून कोलकाता त्याहून लांब आहे, सुमारे १,६६०. पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश बंद होताच इंडिगोनं ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणं थांबवली आणि कारण दिलं की पर्यायी वाटेनं ही ठिकाणं आपल्या ताफ्यातल्या विमानांच्या पल्ल्याबाहेर जातात. कोलकात्याहून जवळचं गाव, आणि विमान पोचत नाही. उत्तरेला पाकिस्तान ओलांडायची सोय नाही, म्हणून आधी दक्षिणेला समुद्राकडे जाऊन, इराणवरून वळसा घालून पुन्हा उत्तरेला यायचं. पंधराशेचे कितीतरी हजार होतात. २०१९ मध्येही २७ फेब्रुवारी ते १६ जुलै हे आकाश बंद होतं. त्या साडेचार महिन्यांत डिस्पॅचमधल्या माणसांनी इराण आणि ओमानच्या हवाई वाटा तोंडपाठ केल्या.

देशातही वाटा सरळ नसतात. हवाई दलासाठी राखलेले पट्टे आहेत. मे २०२०मध्ये अर्थमंत्र्यांनीच सांगितलं होतं की भारताच्या आकाशापैकी ६० टक्केच मोकळेपणानं वापरता येतं. तेव्हापासून ‘वापरात नसेल तेव्हा नागरी विमानांना द्या’ ही पद्धत वाढली आहे. मुंबई–दिल्लीला तरी १,१४०च्या जागी पाच-सहा टक्के जास्त धरून चालावं.

तिसरं अंतर हवेतलं, आणि ते समजलं की लंडनचं कोडं सुटतं. विमान जमिनीच्या नाही, हवेच्या मानानं उडतं. हवाच सरकत असेल तर विमान तिच्यासकट सरकतं. तुम्ही आंतरराष्ट्रीय प्रवासात पडद्यावर ताशी १,०५० किलोमीटर पाहिलं असेल. त्या वेळी विमान हवेच्या मानानं ताशी ९००नंच चाललेलं असतं, उरलेले दीडशे वाऱ्याचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनहून लंडनला निघालेल्या एका विमानानं जमिनीच्या मानानं ताशी १,२९० किलोमीटर गाठले आणि ते पाऊण तास आधी पोचलं. ध्वनीपेक्षा वेगानं वगैरे गेलं नव्हतं. पाठीशी वारा होता.

मध्यम अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे जेट प्रवाह जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून मोजले होते. जगाला कळावं म्हणून त्यांनी १९२६चा अहवाल एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत लिहिला, आणि त्यामुळे तो कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांना समोरच्या वाऱ्यानं जागच्या जागी उभं केल्यावर बाकीच्यांना शोध लागला.

लंडनचा हिशोब सोपा करून मांडतो. अंतर ७,२००, विमानाचा वेग ९००, पश्चिम वारा १००. जाताना समोरून वारा, उरले ८००, नऊ तास. येताना १,०००, सात तास बारा मिनिटं. वारा नसता तर दोन्हीकडे आठ-आठ, मिळून सोळा. वाऱ्यात मिळून सोळा तास बारा मिनिटं. जाताना गेलेलं येताना पूर्ण भरून निघत नाही, कारण नुकसानीच्या वेगात तुम्ही जास्त वेळ असता. यात वळसा, चढ-उतार आणि दोन्हीकडची टॅक्सी मिळवली की तुमचे दहा आणि नऊ येतात. एक सावधगिरी: तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. नुसती वजाबाकी करून ‘चार तासांत लंडन’ म्हणणारे भेटतात.

मुंबई–दिल्ली साधारण दक्षिणोत्तर, मग पश्चिम वाऱ्याचा तिथे काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. हिवाळ्यात राजस्थान आणि दिल्लीच्या वर १०० नॉटचा पश्चिम वारा ही नेहमीची गोष्ट. आपली वाट उत्तरेपासून बावीस अंश पूर्वेला कललेली. त्यामुळे जाताना त्या वाऱ्यातले ३७ नॉट मागून ढकलतात आणि येताना तेवढेच समोरून अडवतात. शिवाय उरलेला आडवा वारा दोन्ही वेळा दहा-एक नॉट खातो. नदी पार करणारा होडीवाला प्रवाहात वाहून जाऊ नये म्हणून होडीचं तोंड थोडं वर धरतो, तसं विमानाला नाक वाऱ्याकडे वळवून चालावं लागतं. अर्ध्या वाटेवर जरी हा वारा धरला तरी जाण्या-येण्यात सात मिनिटांचा फरक पडतो. सव्वादोन तासांत सात मिनिटं तुम्हाला जाणवायची नाहीत. मला जाणवायची, कारण इंधन त्यावर ठरायचं.

पावसाळ्यात दक्षिण भारताच्या वर हाच खेळ उलटा होतो. जून ते सप्टेंबर तिथे पूर्वेकडून पश्चिमेकडे जोराचा प्रवाह वाहतो. आपले हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्याचा शोध मांडला. त्याचा गाभा विमानांच्या नेहमीच्या उंचीच्या वर असतो, पण झळ खालीही लागते. मुंबई–दुबई, १,९२७ किलोमीटर, जुलैत जाताना त्याचा हलका धक्का पाठीला मिळतो. जानेवारीत त्याच वाटेवर वारा समोरून.

वाऱ्यासाठी लांबची वाट मुद्दाम धरल्याचं नामी उदाहरण एअर इंडियाचं. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को ग्रेट सर्कलनं सुमारे १२,३७० किलोमीटर. कंपनी आधी अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटरच्या वाटेनं जायची. ऑक्टोबर २०१६मध्ये तिनं पूर्वेकडून, पॅसिफिकवरून विमान पाठवलं: सुमारे १५,३०० किलोमीटर, आणि साडेचौदा तासांत पोचलं. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन जुन्या वाटेपेक्षा लवकर. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि ते वारेही तसेच वाहतात. त्यांच्या अंगावरून जाण्याऐवजी त्यांच्या खांद्यावर बसायचं ठरवलं, इतकंच. डिस्पॅचच्या टेबलावर यापेक्षा सुंदर कागद क्वचितच निघत असेल.

सरकारलाही अंतर धरावं की वेळ, हा पेच पडलेला दिसतो. २५ मे २०२०ला टाळेबंदीनंतर उड्डाणं सुरू झाली तेव्हा भाड्याचे सात पट्टे मिनिटांवर बांधले. मुंबई–दिल्ली ९० ते १२० मिनिटांच्या पट्ट्यात, ३,५०० ते १०,००० रुपये. बघा, तिथे हवेतला वेळ धरला होता, तिकिटावरचा नाही. डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं मोठ्या संख्येनं रद्द होऊन भाडी भडकली तेव्हा मर्यादा घातली ती किलोमीटरवर. १,००० ते १,५०० किलोमीटरला १५,००० रुपये.

तुम्हाला घरबसल्या अंदाज हवा असेल तर माझा ठोकताळा घ्या. देशांतर्गत जेटसाठी किलोमीटरला १३नं भागा, आलेल्या मिनिटांत ४५ मिळवा. दिल्ली: ८८ अधिक ४५, दोन तास तेरा मिनिटं. नागपूर, सुमारे ६८० किलोमीटर: ५२ अधिक ४५, एक तास सदतीस. कोलकाता पावणेतीनच्या पुढे जातं, पण जाताना वारा पाठीशी म्हणून थोडं कमी छापलेलं दिसेल आणि येताना थोडं जास्त. मुंबई–कोल्हापूरसारख्या मार्गावर एटीआर हे पंख्याचं छोटं विमान असेल तर त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. ३१० किलोमीटरला साडेसातनं भागा आणि पंचवीस-तीस मिळवा. युरोप-अमेरिकेला हा ठोकताळा लावू नका. तिथे नकाशापेक्षा बातम्या आधी वाचाव्या लागतात.

राहिलं तुमचं जानेवारीतलं कनेक्शन. एकाच कंपनीचं, एकाच तिकिटावर, दोन्ही विमानं एकाच टर्मिनलला आणि दुपारची असतील तर दीड तास पुरतो. टर्मिनल १ला उतरून ३ला जायचं असेल तर रस्त्यानं जावं लागतं. तेव्हा तीन तासांखाली घेऊ नका. आणि पहाटेचं किंवा सकाळी दहाच्या आतलं विमान असेल तर हे सगळं विसरा. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत दिल्लीच्या धुक्यापुढे कुणाचं चालत नाही. त्यात एक गंमत आहे जी प्रवाशांना कुणी सांगत नाही. योग्य यंत्रणा आणि प्रशिक्षित वैमानिक असतील तर धावपट्टीवर ५० मीटर दिसलं तरी विमान उतरू शकतं, पण उडायला १२५ मीटर लागतात. मधल्या आकड्यांवर धुकं अडकलं की विमानं येत राहतात आणि सुटत नाहीत. गेट भरतात, मग उभं करायच्या जागा भरतात, मग उतरणाऱ्यांनाही थांबवतात. अशा रात्री मी दिल्लीच्या विमानाला जयपूर पर्यायी विमानतळ म्हणून लिहीत नसे, कारण ते सगळ्यांनी लिहिलेलं असायचं आणि साडेपाचपर्यंत तिथेही जागा संपायची. अहमदाबाद लिहायचो आणि तेवढं इंधन जास्त भरायचो. तुमची गोष्ट निघाली म्हणून सांगतो: मुंबईहून सकाळी दहा-साडेदहाला सुटणारं विमान घ्या आणि पुढचं दुपारी चारनंतरचं.